वर्गात संवेदनशीलता शिकवायची कशी?



मूल्यशिक्षणातली दहा मूल्यं आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, सौजन्यशीलता वगैरे. संवेदनशीलता त्यातलीच एक. परिपाठात बोधकथा होते, सुविचार फळ्यावर लिहिला जातो, मुलं एका सुरात "हो बाई" म्हणतात आणि मधल्या सुट्टीत नळावर एकमेकांना ढकलतात. मग हे मूल्य मुलांमध्ये रुजवायचं तरी कसं? मी त्यातलं थोडंफार माझ्याच चुकीतून शिकले, ते सांगते.

आमच्या बीड जिल्ह्यात दिवाळीच्या आसपास वर्ग निम्मा रिकामा होतो. आईवडील ऊसतोडीला जातात. काही मुलं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईवडिलांबरोबर फडावर जातात. कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये माघारी येतात. अशीच तिसरीतली एक मुलगी एप्रिलमध्ये वर्गात आली. हजेरी घेताना मी सहज म्हणाले, "या पाहुण्या!" वर्ग हसला. तीही हसली, निदान मला तसं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव 'पाहुणी' पडलं. "पाहुणीला पाढे येत नाहीत", "पाहुणीच्या कपड्याला वास येतो".

मी मुलांना समोर बसवून भाषण दिलं. ती बिचारी किती कष्टात राहते, तिच्यावर दया करा, तिला मदत करा. मुलांनी ऐकलंही! दोघींनी सगळ्यांसमोर उठून तिला पेन्सिल आणि जुनी वही दिली. तिने ती बाकावर तशीच ठेवली आणि पुढचे दोन दिवस शाळेत आली नाही. तिच्या आजीला विचारलं तर म्हणाली, "बाई, पोरगी म्हणती मी काय भिकारी हाय का?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. दया आणि समानुभूती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला तेव्हा नीट कळलं. दया वरून खाली येते. देणारा मोठा होतो, घेणारा लहान. समानुभूतीत आपण त्याच्या जागी जाऊन बघतो. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, हे मुलांना साधारण चार-पाच वर्षांच्या वयात कळायला लागतं. पण नुसतं कळणं म्हणजे कळवळणं नव्हे. कुठं बोललं की लागतं हे कळतं म्हणूनच तर मुलं नेमकं तिथं चिडवतात!

ती परत आली तेव्हा मी आधी वर्गासमोर तिची माफी मागितली. "तुला पाहुणी मी म्हणाले. ते चुकलं. हा वर्ग तुझाच आहे." मुलं माझ्याकडे बघतच राहिली. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. ते आपण प्रशिक्षणात ऐकतो, पण हजेरीच्या वेळचा टोमणा त्यात बसतो असं आपल्याला वाटत नाही. मुलं मात्र आपली बोधकथा विसरतात आणि टोमणा उचलतात. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तिथल्या वसतिगृहात ते न बोलता मुलांच्या खोल्या झाडून ठेवत. तेवढं आपल्याकडून होणार नाही, पण जीभ तरी आवरता येईल ना?

मग गणिताच्या तासाला तिलाच विचारलं, मोळी कशी बांधतात, एका मोळीत किती ऊस, टायरगाडीत किती मोळ्या. तिच्या आकड्यांवरून फळ्यावर गुणाकाराची उदाहरणं केली. कोपी कशी उभारतात हे तिने काड्या आणि पाचट घेऊन दाखवलं. पाढे न येणाऱ्या मुलीला आपल्याला न येणारं एवढं येतं, हे वर्गाला कळलं. कोणावर दया करायचा प्रश्नच उरला नाही. तरी सगळंच सुतासारखं सरळ झालं असं नाही. एक मुलगा पुढे महिनाभर तिला 'पाहुणी'च म्हणत होता.

दुसरी गोष्ट भाषेची. मुलांना "कसं वाटलं?" विचारलं की "चांगलं" किंवा "वाईट" एवढंच येतं. आपल्या मराठीत केवढे शब्द आहेत! हिरमुसणं, ओशाळणं, रुसणं, धास्तावणं, हुरहूर लागणं. रोज एक शब्द घ्यायचा आणि "तू कधी हिरमुसलास?" असं विचारायचं. आधी आपली आठवण आपण सांगायची, म्हणजे मुलं मोकळी होतात. ज्याला सांगायचं नाही त्याला आग्रह करायचा नाही.

आणि मदतीआधी विचारायची सवय. "तुला काय हवंय?" हे वाक्य आमच्या वर्गात आता नेहमीचं झालंय. पडलेल्या मुलाला ओढून उठवण्याआधी, कोणाचं गणित सोडवून देण्याआधी विचारायचं. "काही नको" हे उत्तरही चालतं.

या वर्षी एक नवीन वही सुरू केली आहे. जी मुलं फडावर गेलीत त्यांच्यासाठी वर्गात काय झालं ते रोज कोणीतरी दोन-चार ओळींत लिहितं. शुद्धलेखन मी तपासत नाही. ती मुलगीही दिवाळीनंतर पुन्हा गेली आहे. परवाच्या पानावर लिहिलंय, "आज खिचडीत वटाणे होते. नळ नीट झाला. तुझी जागा खिडकीपाशी ठीवली हाय. मांजरीला तीन पिल्लं झाली, त्यातलं एक तुझं."