उद्यानविद्येची पदवी : प्रवेश घेण्यापूर्वी

बारावीचे निकाल लागले, की आमच्या विभागात पालकांची ये-जा सुरू होते. गेल्या वर्षी एक डाळिंब बागायतदार आले. म्हणाले, "साहेब, पोराला फळबागेचंच शिकवायचंय. खाजगी कॉलेजात जागा मिळतेय, फीसाठी एक एकर काढतो." मी म्हटले, "एकर काढण्याआधी कॉलेजची बाग बघून या." आठ दिवसांनी ते परत आले. इमारत चांगली होती, फाटकाशी गुलाबाच्या कुंड्याही होत्या. पण कलमाला डोळकाडी घ्यावी असे एकही मातृवृक्ष त्यांना दिसले नाही.

बी.एस्सी. (ऑनर्स) उद्यानविद्या हा बारावी विज्ञाननंतरचा चार वर्षांचा, आठ सत्रांचा अभ्यासक्रम. त्यात फळे, भाजीपाला, फुलशेती आणि काढणीपश्चात हाताळणी यांवर भर असतो. कृषीच्या पदवीत हेच विषय थोडक्यात येतात. सस्यशास्त्र, मृदाशास्त्र, कृषी अर्थशास्त्र यांना अधिक वेळ मिळतो. (मी सस्यशास्त्राचा माणूस, तेव्हा माझे मत थोडे चाळून घ्यावे!) कृषी पदवीधरालाही पुढे एम.एस्सी.ला फळशास्त्र घेता येते. म्हणून उद्यानविद्येची जागा हुकली तर वर्ष वाया घालवू नये. त्या डाळिंबवाल्यांच्या मुलाने शेवटी शासकीय कृषी महाविद्यालयात प्रवेश घेतला. जमीन शाबूत राहिली.

महाविद्यालय निवडताना आपले पीक विचारात घ्यावे. आंबा, काजू, नारळ शिकायचा तर दापोलीच्या विद्यापीठाचा परिसर सोयीचा; 'रत्ना' हा नीलम व हापूस यांच्या संकरातून निघालेला आंबा तिथलाच. संत्र्यासाठी अकोल्याचे कार्यक्षेत्र, डाळिंब व द्राक्षासाठी राहुरीचे, मोसंबीसाठी परभणीचे. अभ्यासक्रम बहुतांशी सारखाच असला, तरी हात ज्या झाडावर बसतो ते झाड वेगळे असते. संत्र्याला जंबेरी खुंटावर डोळा भरतात, आंब्याला कोय कलम किंवा मृदुकाष्ठ कलम करतात, डाळिंबाला गुटी बांधतात. ही कामे फळ्यावर येत नाहीत. एका विद्यार्थ्याच्या वाट्याला वर्षात किती कलमे येतात, हे प्राध्यापकांना नव्हे, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे. रोपवाटिकेतील मजुरांना विचारले तर आणखी बरे.

खाजगी महाविद्यालय असल्यास ते कोणत्या कृषी विद्यापीठाशी संलग्न आहे आणि त्याला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृती आहे काय, हे कागद पाहून ठरवावे. अधिस्वीकृती नसेल तर पुढे परराज्यात पदव्युत्तर प्रवेशाला अडचण येऊ शकते. प्रवेश सीईटीच्या गुणांवर होतो. सातबाराच्या अधिभाराचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचावेत.

आणखी एक गोष्ट पालक विचारत नाहीत. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी आहे. मराठी शाळेतून आलेली हुशार मुले पहिल्या सत्रात येथेच अडखळतात. सुट्टीत वनस्पतिशास्त्राचे इंग्रजी पुस्तक रोज दोन पाने वाचून घेतले तरी पुष्कळ फरक पडतो. आणि मुलाला नोकरी नको, घरचीच बाग बघायची असेल, तर चार वर्षांआधी माळी प्रशिक्षण वर्गाची चौकशी करावी. आपल्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात त्याची माहिती मिळेल.