नातेवाचक शब्द आणि आनुवंशिकता

इंग्रजीतील ‘कझिन’ या एका शब्दाच्या ठिकाणी मराठीत चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ आणि तितक्याच बहिणी आहेत. हा भेद केवळ कोशकाराच्या उपयोगाचा नव्हे; कुटुंबाच्या आरोग्याचा इतिहास नोंदविताना तो निर्णायक ठरू शकतो.

हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा विकार, हे याचे उत्तम उदाहरण होय. त्याचा दोष क्ष गुणसूत्रावर असतो आणि पुत्राला हे गुणसूत्र मातेकडूनच मिळते. मातेच्या दोन क्ष गुणसूत्रांपैकी एकच सदोष असल्यास ती बहुधा निरोगी दिसते. अशा स्त्रीस ‘वाहक’ म्हणतात. तिच्या प्रत्येक पुत्रास विकार होण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून मुलाचा मामा किंवा मावसभाऊ रुग्ण असणे अर्थपूर्ण ठरते. चुलतभावास हा दोष चुलतीकडून व मामेभावास मामीकडून येतो. त्या रक्ताच्या नात्यातील नसतील, तर मुलाशी त्याचा संबंध नाही.

पारंपरिक वंशावळीत मात्र बहुधा पुरुषांचीच नावे आढळतात. दोष ज्या वाटेने येतो, तीच वाट कागदावर नसते.

अर्थात, कुटुंबात पूर्वी रुग्ण नसतानाही जनुकातील नव्या बदलामुळे हा विकार उद्भवतो. तसेच ‘जन्मजात’ म्हणजे ‘आनुवंशिक’ नव्हे: गर्भावस्थेतील संसर्गाने आलेले व्यंग जन्मजात असूनही आनुवंशिक नसते. तेव्हा ‘घरात कोणाला आहे का?’ एवढेच न विचारता आजोळची नाती एकेक नावाने विचारणे अगत्याचे आहे.