प्रोसेसरचा ताप कसा मोजतात?

संगणक सुरू असताना त्याच्या पेटीजवळ कान नेला, तर पंख्याची घरघर ऐकू येते. हा पंखा प्रोसेसरला वारा घालत असतो. प्रोसेसर म्हणजे संगणकातील सर्व हिशेब करणारी लहानशी चिप. तिच्यातून सतत वीज वाहते आणि त्या विजेची शेवटी उष्णता होते. काम वाढले की उष्णता वाढते. पंख्यात धूळ अडकली, तर ती बाहेर पडत नाही. मग प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. तरीही ताप चढत राहिला, तर संगणक एकाएकी बंद पडतो आणि जतन न केलेले लिखाण नाहीसे होते. म्हणून आतले तापमान वेळीच कळायला हवे.

चिपमध्ये पाऱ्याचा तापमापक बसणार नाही. म्हणून चिप तयार करतानाच तिच्यात एक सूक्ष्म विद्युत तापमापक घडवतात. तो काय सांगतो, हे पाहण्यासाठी आपण फ्रीबीएसडी ही संगणकप्रणाली घेऊ. घरातल्या संगणकांवर ती क्वचितच दिसते. अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात युनिक्स प्रणालीवर जे काम झाले, त्यातून ती निघाली. तिची पहिली आवृत्ती १९९३ मध्ये आली. ती फुकट मिळते आणि तिची आज्ञावली कोणालाही वाचता येते. तापमानाचा आकडा कसा तयार होतो, हे आपल्याला त्या आज्ञावलीतच पाहता येते.

या प्रणालीत तापमान आपोआप दिसत नाही. इंटेल कंपनीचा प्रोसेसर असेल, तर ‘कोअरटेम्प’ नावाचा छोटा भाग सुरू करावा लागतो. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरसाठी वेगळा भाग आहे. मग एक आज्ञा दिली की पडद्यावर प्रत्येक गाभ्याचे तापमान येते. समजा, ४५ अंश सेल्सिअस आले.

गंमत अशी की, ४५ हा आकडा तापमापकाने दिलेलाच नसतो! आपला नेहमीचा तापमापक खालून वर मोजतो. इंटेलच्या प्रोसेसरमधला तापमापक वरून खाली मोजतो. कमाल मर्यादा गाठायला अजून किती अंश बाकी आहेत, एवढेच तो सांगतो. ‘बाकी’ हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच आहे. विहिरीत पाणी किती आहे हे न सांगता, पाणी काठापासून किती खाली आहे एवढेच कोणी सांगावे, तसे हे आहे. विहिरीची खोली माहीत असेल, तरच पाणी किती ते कळेल.

आता वजाबाकी करा. मर्यादा १०० अंश आहे आणि ५५ अंश बाकी आहेत. म्हणजे तापमान ४५ अंश. पण मर्यादा ८५ धरली तर? उत्तर ३० येते! तापमापक तोच, प्रोसेसर तोच, पण आकडा १५ अंशांनी बदलला. हा प्रश्न खरोखरच होता. कोअर मालिकेच्या सुरुवातीच्या काही प्रोसेसरांत ही मर्यादा वाचण्याची नीट सोय नव्हती. म्हणून कोअरटेम्प सहसा १०० धरून चालतो आणि काही नमुन्यांसाठी ८५ धरतो. नंतरच्या प्रोसेसरांत ही मर्यादा चिपमध्येच नोंदलेली असते. तरीही कोअरटेम्प ती डोळे मिटून स्वीकारत नाही. ती ७० ते ११० यांच्या बाहेर असली, तर हा आकडा बरोबर वाटत नाही, असा इशारा तो देतो.

आपल्यालाही अशी तपासणी करता येते. मे महिन्यात मालेगावच्या एखाद्या खोलीत ३८ अंश तापमान आहे आणि पडदा म्हणतो की प्रोसेसर ३० अंशांवर आहे. हे खरे असेल का? पंखा खोलीतलीच हवा फिरवतो. त्या हवेपेक्षा थंड तो प्रोसेसरला करूच शकत नाही. म्हणजे मर्यादेचा अंदाज चुकला असावा, किंवा तापमापक चुकत असावा. दुसरी शक्यताही खरी आहे, कारण हा तापमापक मर्यादेजवळ जास्त अचूक असतो. मर्यादेपासून दूर, प्रोसेसर थंड असताना, त्याच्यावर फार विसंबू नये.

म्हणून माझ्या मते तापमानापेक्षा ‘बाकी’ किती, हे पाहणे अधिक चांगले. कोअरटेम्प तो आकडाही वेगळा दाखवतो. ५५ बाकी असोत की ४०, काळजी नाही. ५ उरले, तर मात्र संगणक बंद करून पंखा तपासावा.

आणखी एक सोय आहे. प्रोसेसरने एकदा मर्यादा गाठली की तशी खूण चिपमध्ये राहते. नंतर तो थंड झाला, तरी ती जात नाही. रात्रभर कोणी संगणकाजवळ नसले, तरी सकाळी ती खूण वाचता येते. धूळ झटकल्यावर ती पुसून टाकावी आणि आठवडाभराने पुन्हा पाहावी.