कॉलेजच्या पहिल्या वर्षाची तयारी

बारावीचा निकाल हातीं पडला, पेढे वांटून झाले, कीं घरोघरीं एक निराळीच धांदल सुरू होते. कोणी चिरंजीवांसाठीं नवीन बॅग आणतो, कोणी लॅपटॉपच्या किंमतींची चौकशी करीत हिंडतो. मातोश्री मेतकूट, चिवडा आणि भाजणी यांचे डबे भरूं लागतात. उत्पन्नाच्या दाखल्यासाठीं वडील तहसील कचेरीचे उंबरे झिजवितात. कॉलेजची तयारी ती हीच, अशी आपली सर्वांची समजूत. ही तयारी अनावश्यक आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ती सामानाची तयारी झाली. तें सामान घेऊन जो जावयाचा, त्याची तयारी कोणी केली, एवढाच प्रश्न वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभींच एक कबुली दिली पाहिजे. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे गेलों नाहीं. संस्कृत शिकलों तें एका शास्त्रीबोवांच्या ओटीवर, आणि पुढें सारी हयात तालुक्याच्या शाळेंत मुलांकडून शब्द व धातु चालवून घेण्यांत गेली. मग कॉलेजविषयीं लिहिण्याचा आम्हांस अधिकार काय, असें कोणीहि विचारील. अधिकार एवढाच कीं, कॉलेजांत जाणारीं पुष्कळ मुलें आमच्या हाताखालून गेलीं, आणि त्यांतलीं कांहीं पहिल्याच वर्षीं मान खालीं घालून परत आलीं, तींहि आम्हीं पाहिलीं. त्यांतील एकाची हकीकत आमच्या मनांतून जात नाहीं.

मुलगा हुशार, आमच्या शाळेंत नेहमीं पहिला येणारा. मोठ्या शहरांतील एका इंजिनिअरिंग कॉलेजांत त्याला प्रवेश मिळाला, तेव्हां साऱ्या आळीस आनंद झाला. पहिल्या सत्राचा निकाल लागला तेव्हां तो चार विषयांत नापास झाला होता. घरीं त्यानें हें कळविलेंच नाहीं. फोनवर ‘सगळें ठीक आहे’ हेंच पालुपद. पुढें सुटींत गांवीं आला असतां एके दिवशीं दिवेलागणीस तो आमच्या ओसरीवर येऊन बसला. बराच वेळ कांहीं बोलेना. मग म्हणाला, “गुरुजी, तेथें महत्त्वाचें काय तें कोणी सांगतच नाहीं हो!”

हें ऐकून आम्ही चरकलों. कारण ‘महत्त्वाचें’ दुसऱ्यानें सांगावें ही संवय त्याला आम्हींच लाविली होती. पुस्तकांत खुणा आम्हीं करून द्याव्या, उत्तरें आम्हीं फळ्यावर लिहावीं, त्यानें तीं घोकावीं, असा आमचा क्रम. त्याच्या यशाचें कौतुक झालें तेव्हां त्यांतील आमचा वांटा आम्हीं हौसेनें घेतला होता. मग या अपयशांतील वांटा आतां कोणावर ढकलावा?

पतंजलींच्या महाभाष्यांत ‘छात्र’ या शब्दाचा विचार आला आहे. गुरु हेंच छत्र. त्यानें शिष्यावर छाया धरावी, आणि शिष्यानेंहि छत्राप्रमाणें गुरूस जपावें, असा त्याचा आशय. हें आम्हीं वर्षानुवर्षें वर्गांत सांगितलें. परंतु ज्याच्यावर नेहमीं दुसऱ्यानें छत्र धरिलें, त्याला एक दिवस भर पावसांत एकट्यानें जावें लागतें, आणि त्या वेळीं तें स्वतःच्या हातीं पेलतां यावें लागतें, इकडे आमचें लक्ष गेलें नाहीं.

शाळा आणि कॉलेज यांतील खरा फरक हाच होय. तेथें वही तपासण्यास कोणी बसलेलें नसतें. शिवाय हल्लीं सवडीहि फार थोडी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीचा अभ्यास श्रेयांकांनीं मोजला जातो. तीन वर्षांच्या पदवीस निदान १२० आणि चार वर्षांच्या पदवीस १६० श्रेयांक लागतात. व्याख्यानाच्या १५ तासांस एक श्रेयांक, असा सामान्य हिशेब. वर्षाचीं दोन सत्रें. मुलगा नव्या गांवीं रुळतो न रुळतो तों गणपति येतात, दसरा येतो आणि परीक्षा दारांत उभी राहते. ‘दिवाळीनंतर नेटानें अभ्यास करूं’ म्हणणाऱ्याचें अर्धें वर्ष बोलतां बोलतां हातचें जातें.

पहिल्या वर्षीं ठेंच लागणें हें मंदबुद्धीचें लक्षण मात्र नव्हे. महात्मा गांधी १८८७ सालीं मॅट्रिक झाले व १८८८ सालीं भावनगरच्या सामळदास कॉलेजांत दाखल झाले. तेथील अध्यापक नामांकित. तथापि व्याख्यानें त्यांना उमजेनात. दोष अध्यापकांचा नव्हे, आपल्याच कच्चेपणाचा, असें त्यांनीं आत्मकथेंत प्रांजळपणें नमूद केलें आहे. पहिलें सत्र संपतांच ते घरीं परतले. गणिती श्रीनिवास रामानुजन यांस १९०४ सालीं कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजांत शिष्यवृत्ति मिळाली. परंतु गणितापुढें त्यांनीं इतर विषयांकडे ढुंकून पाहिलें नाहीं, आणि ती गेली. लोकमान्य टिळकांनीं डेक्कन कॉलेजांतील पहिलें वर्ष शरीर कमाविण्याकडे लाविलें व त्या वर्षाची परीक्षा घालविली. पुढें गणित घेऊन ते पहिल्या वर्गांत बी. ए. झाले. हीं उदाहरणें आळशी मुलांनीं ढालीसारखीं पुढें करूं नयेत. पण ज्याला ठेंच लागली आहे, त्यानें तीं अवश्य आठवावीं.

आतां सुटीच्या दिवसांत करावयाचें काय? पहिली अडचण भाषेची. मराठी शाळेंतून गेलेल्या मुलास विषय येत असतो, पण इंग्रजींतून कानावर पडतांच तो परका वाटतो. त्यानें रोज अर्धा तास एखादें इंग्रजी व्याख्यान ऐकावें आणि तें संपल्यावर त्याचें सार आपल्या शब्दांत दहा ओळींत लिहावें. पहिल्या आठवड्यांत तीन ओळीहि साधणार नाहींत. महिन्याभरांत दहा अपुऱ्या वाटतील. व्याख्यान चालू असतां टिपण कसें घ्यावें, तें याच संवयीनें येतें. पुस्तकाची अनुक्रमणिका व शेवटची सूची पाहून हवी ती गोष्ट शोधून काढणें, हेंहि येथेंच शिकावें. कारण पुढें ग्रंथालयांत ‘अमुक पान वाच’ असें सांगणारें कोणी भेटत नाहीं.

दुसरी अडचण वेळेची व पैशाची. सुटीचे शेवटचे दोन महिने मुलानें आपण होऊन उठावें, आपले कपडे आपण धुवावे, वरणभाताचा कुकर लावण्यास शिकावें, आणि घरखर्चांतील ठराविक रक्कम हातीं घेऊन जमाखर्च लिहावा. मुलगा असो वा मुलगी, नियम एकच. रॅगिंगच्या बाबतींत महाराष्ट्रांत १९९९ पासून कायदा आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियमहि आहेत, हें मुलांना आधींच सांगून ठेवावें. निमूटपणें सोसणें हा सद्गुण नव्हे.

तिसरी तयारी आईबापांची, आणि ती सर्वांत अवघड. दिवसांतून तीनदां फोन करून ‘जेवलास का’ म्हणून विचारणें म्हणजे शेंकडों कोसांवरून छत्र धरून बसणें होय. आठवड्यांतून एकदां निवांतपणें बोलावें. तसेंच निघण्यापूर्वीं त्याला जवळ बसवून स्पष्ट सांगावें कीं, नापास झालास तर तें आधीं आम्हांस कळीव. या घरांत त्या बातमीलाहि जागा आहे. आमच्या त्या विद्यार्थ्यास चार विषयांपेक्षां घरीं तोंड दाखविण्याचें भय अधिक होतें.

त्याची यंत्रविद्या आम्हांस अगम्य. त्याला आम्हीं काय शिकवावें? आम्ही म्हणालों, “रोज दिवेलागणीस पुस्तक घेऊन ये, एक पान वाच आणि तें आम्हांस मराठींत समजावून सांग.” तो सांगे, आम्ही ‘म्हणजे काय?’ असें विचारीत असूं. चार वाक्यांत तो अडखळे, मग पान उलटून मागें जाई, आणि आपलेंच आपणांस कळलें नव्हतें हें त्याच्या ध्यानांत येई. आठ-दहा दिवसांनीं पानांतील महत्त्वाचें वाक्य तो आपण होऊन आधीं सांगूं लागला. सुटी संपतांना घरींहि त्यानें खरें काय तें सांगितलें. राहिलेले विषय सोडवावयास त्याला दीड वर्ष लागलें; पण सोडविले ते त्यानें स्वतः.

इतकीं वर्षें आम्हीं आमच्या विद्येनें शिकविलें. त्या मुलाच्या उपयोगीं मात्र आमचें अज्ञानच पडलें. ज्या घरीं यंदां कोणी कॉलेजांत जात आहे, त्या घरच्या आजीनें किंवा आजोबांनीं संध्याकाळीं त्याला जवळ बोलावून ‘आज काय वाचलेंस तें मला सांग’ असें म्हणावें. त्यास खर्च कांहीं नाहीं, आणि बॅगेंत त्याचें ओझेंहि होत नाहीं.