वेग मोडेमचा, मर्यादा तारेची

३००, ९६०० आणि ५६,०००. मोडेम सेकंदाला किती बिट पाठवतो, ते सांगणारे हे आकडे अनुक्रमे १९६२चा बेल १०३ मोडेम, १९८४चे व्ही.३२ मानक आणि १९९८चे व्ही.९० मानक यांचे आहेत. छत्तीस वर्षांत वेग सुमारे १८७ पट झाला, पण घरापर्यंत येणारी तांब्याची तार तीच राहिली.

ती तार माणसाच्या आवाजासाठी होती. टेलिफोन यंत्रणेतून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढेच सूर जात, म्हणून संगणकाच्या ० आणि १ यांनाही सुरांचे रूप द्यावे लागले. बेल १०३मध्ये फोन लावणारी बाजू ०साठी १०७० आणि १साठी १२७० हर्ट्झचा सूर काढी. उत्तर देणारी बाजू २०२५ आणि २२२५चा. सूर वेगळे असल्याने दोघांना एकाच वेळी बोलता येई.

आता या वेगांवरून नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडचा हिशेब करू. बाजार समितीतली कांद्याची आवक आणि भाव सांगणारे ५०० अक्षरांचे पत्रक पाठवायचे आहे. दर अक्षराला १० बिट धरले, तर एकूण ५००० बिट होतात. त्यांना लागणारा वेळ असा:

३०० बिटच्या वेगाने: १६.७ सेकंद
९६०० बिटच्या वेगाने: ०.५ सेकंद
५६,००० बिटच्या वेगाने: ०.०९ सेकंद

म्हणजे शेतकऱ्याच्या गरजेपुरता वेग १९६२च्या यंत्रातही होता. अडचण होती ती लाइनची. क्लॉड शॅनन यांनी १९४८मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार, संदेश खरखरीपेक्षा १००० पट ताकदवान असेल तर ३१०० हर्ट्झच्या पट्ट्यातून सेकंदाला सुमारे ३०,९०० बिट जाऊ शकतात. तोच १०० पट असेल तर जेमतेम २०,६००. लांबलेली केबल आणि ओले जोड एक तृतीयांश क्षमता खातात. महागडा मोडेम ती परत आणू शकत नाही.

मग ५६,००० कसे साधले? टेलिफोन एक्स्चेंज डिजिटल झाले म्हणून. तिथे आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात. प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४,०००. सेवा देणारी कंपनी थेट डिजिटल जोडणीने आली की तिच्या बाजूचे एक रूपांतर वाचते आणि येणारा वेग वाढतो. व्ही.९०मध्ये ग्राहकाकडून जाणारा वेग मात्र ३३,६००वरच थांबतो, कारण त्याचा सूर एक्स्चेंजमध्ये पुन्हा मोजावा लागतो.

म्हणून डिजिटल एक्स्चेंज बनवण्यासाठी १९८४मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेचे काम मोलाचे. तिचे १२८ पोर्टचे ग्रामीण एक्स्चेंज १९८६मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसले. व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोठ्या शहरांत इंटरनेट खुले केले, तेव्हा डायल-अपचा वेग ९६०० होता. हा वेग चांदवडसारख्या तालुक्याच्या गावाला मिळणे अवलंबून होते ते एक्स्चेंजवर आणि तारेवर.

आजही ग्रामीण डिजिटल योजनांचे यश वाटलेल्या संगणकांच्या संख्येवर मोजले, तर हिशेब अर्धाच राहतो. शेवटच्या किलोमीटरवर प्रत्यक्ष किती वेग मिळतो आणि लाइन महिन्यातून किती तास बंद असते, हे दोन आकडे गावागणिक जाहीर व्हायला हवेत.