नावाच्या जागी वाट

होमिओपॅथीत केस घेताना रुग्णाची स्वप्ने, भीती, घरातले वाद, सगळेच लिहून घ्यावे लागते. ते बाहेरच्या कंपनीकडे जाऊ नये, म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेचे मॉडेल आपल्याच संगणकावर चालवावे, असे मला वाटले. ‘ओलामा’ हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे. भाच्याने ते ‘डॉकर’मध्ये बसवून दिले. घरची माहिती घरातच राहिली, असा माझा समज झाला.

५ मे २०२४ रोजी ‘विझ’ या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ओलामाच्या निर्मात्यांना एक दोष कळवला.

मॉडेल तुकड्यांनी उतरवले जाते. सोबतच्या यादीत प्रत्येक तुकड्याचा ६४ चिन्हांचा ठसा असतो आणि त्याच नावाने ओलामा तो तुकडा आपल्या फोल्डरात ठेवतो. मात्र यादीत आले आहे ते खरोखर ठसाच आहे का, हे तो तपासत नव्हता. आमच्याकडे सगळ्या गोळ्या पांढऱ्या, त्यामुळे बाटलीवरच्या चिठ्ठीवरच सारी भिस्त असते. इथेही तसेच झाले. हल्लेखोराने आपल्या सर्व्हरवर बनावट मॉडेल ठेवायचे आणि ठशाच्या जागी ‘एक फोल्डर वर जा, आणखी वर जा’ अशी वाट लिहायची. ओलामाला ते मॉडेल उतरवायला सांगितले, की फाइल थेट लिनक्सच्या गाभ्यात जाऊन पडे. तिथे एक फाइल अशी असते, की तिच्यात नोंदलेला कोड प्रत्येक नवा प्रोग्राम सुरू होताना आधी चालतो. तिच्यात आपला कोड नोंदवून मग मॉडेलला एखादा प्रश्न विचारला, की काम झाले.

साध्या पद्धतीने बसवलेला ओलामा फक्त त्याच यंत्राचे ऐकतो. डॉकरमधला मात्र नेटवर्कवरून येणाऱ्या कोणाचेही ऐके, तेही सर्वाधिकारी ‘रूट’ म्हणून. पासवर्ड दोन्हीकडे नाही.

निर्मात्यांनी दुरुस्ती तत्परतेने केली, ही त्यांची बाजू सांगितली पाहिजे. ०.१.३४ आवृत्तीपासून ठसा नीट ६४ चिन्हांचा नसेल, तर तो नाकारला जातो. पण पासवर्डाची सोय त्यात आली नाही. ते दार आपणच बंद करायचे.

माझ्याकडची आवृत्ती जुनी निघाली. ती बदलली, यंत्र बाहेरच्या नेटवर्कपासून तोडले. आधी कोणी आत येऊन गेले होते का, हे सांगणारी नोंद मात्र माझ्या यंत्रात नव्हती. ज्यांच्या केस त्यात होत्या, त्या रुग्णांना मी एकेक करून हे सांगितले.