पंख्याचं विमान आणि ७८ सीटांचं गणित

आजचा विषय माझ्या आईच्या एका प्रश्नातून आलाय. हैदराबादला यायला म्हणून ती पहिल्यांदा विमानाजवळ गेली, वर बघितलं आणि थबकलीच. मला म्हणाली, "अरे, हे तर पंख्याचं आहे! जुनं दिलं की काय आपल्याला?"

हा प्रश्न फक्त आईचा नाही. कोल्हापूर, नांदेड, जळगाव, बेळगाव, हुबळी असं कुठलंही नाव घ्या. गावात विमान सुरू झालं की आधी पेढे वाटले जातात. मग पहिल्या फेरीला जाऊन आलेला कुणीतरी सांगतो, "छोटंच आहे हो. आवाज फार करतं." आणि दोन-तीन वर्षांनी एक दिवस ते बंद होतं. तेव्हा लोक म्हणतात, "आपल्या गावाला कुणी वालीच नाही." आज हे नीट समजून घेऊ. कुठलं विमान कुठल्या गावाला जातं, हे ठरतं कसं?

आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर. ते विमान जुनं नव्हतं. एटीआर ७२-६०० हे विमान आजही फ्रान्समध्ये तुलूझला नवं कोरं तयार होतं. एअरबस आणि इटलीची लिओनार्दो यांची ही भागीदारीतली कंपनी. बाहेर पंखा दिसतो, पण त्या पंख्यामागे जेटसारखंच टर्बाइन इंजिन असतं. जेटमध्ये पंखा आवरणाच्या आत लपलेला असतो, इथे तो उघडा असतो. म्हणून याला टर्बोप्रॉप म्हणतात. कमी उंचीवर, कमी वेगात हा उघडा पंखा फार काटकसरी असतो. एअरबस ए३२० तासाला जेवढं इंधन पिते, त्याच्या साधारण एक तृतीयांशात एटीआरचं भागतं. वेग मात्र ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. तीन-चारशे किलोमीटरच्या प्रवासात यामुळे दहा-पंधरा मिनिटांचा फरक पडतो, तो कुणाला जाणवतही नाही. हजार किलोमीटरचा प्रवास असेल तर मात्र चांगलाच जाणवतो.

आता खरी गंमत. भारतात लहान विमानांच्या सीट मोजून बघा. इंडिगोच्या एटीआरमध्ये ७८. स्पाइसजेटने २०११ मध्ये बम्बार्डियरची क्यू४०० आणली, त्यातही आधी ७८. स्टार एअरच्या एम्ब्रेअर १७५ मध्ये १२ बिझनेस आणि ६४ इकॉनॉमी, म्हणजे ७६. विमानं तीन वेगवेगळ्या देशांतली, त्यांतलं एक तर चक्क जेट, आणि आकडे सगळे ऐंशीच्या अलीकडे येऊन थांबलेले. हा योगायोग नाही. विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर ८० पेक्षा कमी सीटांच्या देशांतर्गत नियमित विमानाला लँडिंग शुल्क लागत नाही. दुसरं कारण इंधनाचं. विमानाचं इंधन जीएसटीत नाही, त्यावर राज्यं आपापला विक्रीकर लावतात आणि काही राज्यांत तो भरमसाट असतो. पण ४० टनांपेक्षा कमी वजनाच्या विमानांना केंद्रीय कायद्याने सवलतीचा दर ठरवून दिलाय. एटीआरचं उड्डाणाचं कमाल वजन २३ टन. ए३२० निओचं ७९ टन. आणि तिसरी गोष्ट, ५० सीटांमागे एक केबिन क्रू लागतो. ७८ सीटांना दोघं पुरतात, १८६ सीटांना चौघं लागतात.

म्हणजे तुम्ही एटीआरच्या सीटवर बसता, तेव्हा त्या सीटची संख्या दिल्लीतल्या नियमांनी ठरवलेली असते. अभियंत्यांचा हात त्यात थोडाच.

मग प्रश्न असा की, एवढं सगळं स्वस्त असेल तर सगळ्याच कंपन्या अशी विमानं का घेत नाहीत? इंडिगो २००६ मध्ये सुरू झाली आणि पुढची अकरा वर्षं तिने ए३२० कुटुंबाशिवाय दुसरं विमान घेतलंच नाही. कारण साधं आहे. ए३२० चा वैमानिक उद्या उठून एटीआर उडवू शकत नाही, त्याला वेगळं प्रशिक्षण आणि वेगळा परवाना लागतो. मेकॅनिक वेगळे, सुटे भाग वेगळे, आयत्या वेळी बदली विमान ठेवायचं तर तेही वेगळं. आपल्या एसटीच्या डेपोत पाच कंपन्यांच्या गाड्या असल्या तर काय होईल, तेच. २०१७ मध्ये इंडिगोने हा नियम मोडला, ५० एटीआर घ्यायचं जाहीर केलं आणि वर्षाअखेर हैदराबादहून ती उडवायला लागली. एवढ्या शिस्तीच्या कंपनीने डोकेदुखी ओढवून घेतली, कारण तिला दिसलं की मोठ्या शहरांतले मार्ग भरत आलेत आणि पुढची वाढ धाकट्या शहरांत आहे.

धाकट्या शहराचं गणित मांडून बघा. १८६ सीटांचं विमान तीन चतुर्थांश भरायचं तर रोज १४० माणसं हवीत. ७८ सीटांचं तेवढंच भरायला ५८ पुरतात. समजा, गावातून रोज सव्वाशे लोक जाणारे आहेत. मग एक मोठं विमान पाठवण्यापेक्षा दोन लहान पाठवणं चांगलं, एक सकाळी आणि एक संध्याकाळी. व्यापारी, वकील, तपासणीला जाणारा पेशंट यांना त्याच दिवशी परत यायचं असतं. त्यांना विमान केवढं आहे याच्याशी देणंघेणं नसतं, ते किती वाजता आहे याच्याशी असतं.

पण हे प्रत्येक गावाला लागू पडतं असं समजू नका. नांदेडचंच घ्या. २७ एप्रिल २०१७ ला पंतप्रधानांनी सिमल्याहून 'उडान' योजनेच्या पहिल्या विमानांना हिरवा झेंडा दाखवला, त्यात नांदेड–हैदराबाद होतं. त्या मार्गाला एटीआर योग्यच होतं. त्याच वर्षाच्या शेवटी नांदेड–अमृतसर सुरू झालं. तिथे पंख्याचं विमान पाठवून चालणारच नव्हतं. अंतर मोठं, आणि हुजूर साहिबच्या दर्शनाला येणारे यात्रेकरू गटागटाने येणारे. तिथे मोठं जेट लागलं. शिर्डीचंही तसंच. विमानतळ ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाला, सुरुवात एटीआरने झाली आणि बघता बघता जेट उतरायला लागली. साईबाबांचे भक्त दक्षिणेत किती आहेत, हे विमान कंपन्यांना तिकिटांच्या खपावरून कळलं. गाव तेच, पण कोण प्रवास करतंय त्यावर विमान बदलतं.

आता माझी स्वतःची गोष्ट, कारण आईच्या प्रश्नाचा दुसरा भाग त्यात आहे. मे महिना, दुपारची दोनची वेळ. पठारावरचं एक लहान विमानतळ. गावाचं आणि कंपनीचं नाव घेत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हैदराबादला आईची न्यूरॉलॉजिस्टकडे वेळ होती, तीही महिनाभर थांबून मिळालेली. मी शहाणपणा केला. एमआरआयच्या फिल्म, सगळ्या फायली आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या, हे सगळं मोठ्या बॅगेत व्यवस्थित भरून काउंटरवर देऊन टाकलं. म्हटलं, हातात ओझं नको, आईला धरून न्यायचंय. हैदराबादला उतरलो. पट्टा फिरून फिरून थांबला. आमच्यासकट दहा-बारा जणांच्या बॅगा आल्याच नव्हत्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, लोड रिस्ट्रिक्शन होतं. उद्याच्या फ्लाइटने येतील."

तेव्हा मी भडकलो. नंतर अभ्यास केला तेव्हा कळलं की बॅगा मागे ठेवण्याचा निर्णय चुकीचा नव्हता. आम्हाला सांगितलं नाही, ही चूक होती. बघा, ७८ माणसं, सामानासकट माणशी सरासरी ९५ किलो धरा. झाले ७,४०० किलो. एटीआर माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त साडेसात टनांच्या आसपास उचलतं. म्हणजे विमान पूर्ण भरलं की ते काठोकाठ असतं. आता त्यात ऊन घाला. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते. दख्खनच्या पठारावर गाव समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर उंच असेल तर हवा आधीच थोडी विरळ. वर धावपट्टी आखूड. मग वैमानिकापुढे तीनच पर्याय उरतात. इंधन कमी करा, माणसं उतरवा, नाहीतर बॅगा उतरवा. इंधनाला हात लावता येत नाही, माणसं भांडतात, बॅगा भांडत नाहीत.

सिमल्याची स्थिती तर याहून कठीण. डोंगर कापून केलेली जेमतेम सव्वा किलोमीटरची धावपट्टी, त्यामुळे तिथून निघताना विमानात जागा असूनही माणसं कमी घ्यावी लागायची. योजनेचं पहिलं विमान, आणि तेच कधी भरून उडू शकणार नाही असं. बेळगावकरांना याची उलटी बाजू माहीत आहे. धावपट्टी २,३०० मीटर झाली आणि मोठी विमानं उतरायची सोय झाली. कुठलं विमान येणार हे बऱ्याचदा आधी सिमेंट-डांबर ठरवतं, नंतर कंपनी.

फायलींचं काय झालं, ते सांगतो. डॉक्टर भले होते. त्यांनी फिल्मशिवाय तपासलं, पण औषध बदलायचा निर्णय पुढे ढकलला. पुढची वेळ तीन आठवड्यांनी. गोळ्या मी रात्री साडेदहाला दुकानं शोधत विकत आणल्या. बॅग तिसऱ्या दिवशी आली.

आता 'आमचं विमान बंद का झालं' याच्याकडे येऊ. उडान योजनेत कंपनीला काही मार्ग तीन वर्षांसाठी एकटीला मिळतात. निम्म्या सीट, म्हणजे कमीत कमी ९ आणि जास्तीत जास्त ४०, स्वस्त दराने विकायच्या. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपयांची मर्यादा होती. यात कंपनीला येणारी तूट सरकार भरून देतं. तीन वर्षं झाली की मदत थांबते. तोवर गावाला विमानाची सवय लागलेली असेल आणि लोक पूर्ण भाडं देतील, अशी अपेक्षा. प्रत्यक्षात काय झालं? देशाच्या महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, २०२३ च्या अहवालात हिशेब मांडला. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षं पुरी केली. आणि मदत संपल्यावरही मार्च २०२३ मध्ये चालू राहिलेले मार्ग होते ५४.

हे आकडे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. माझं मत विचाराल तर सगळा दोष सीटा न भरण्याचा नाही. एक मोठी अडचण मुंबईची आहे. आपल्याकडच्या बहुतेक गावांना मुंबई हवी असते, आणि मुंबईच्या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तासाला साधारण ४५ विमानं, त्याहून जास्त नाही. उतरायला ७८ माणसांच्या विमानाला जेवढा वेळ लागतो, तेवढाच २३० माणसांच्या विमानाला. मग कंपनी ती मोलाची वेळ कुणाला देईल? दिल्लीहून येणाऱ्याला की नांदेडहून येणाऱ्याला? म्हणून लहान गावांच्या वाट्याला भलत्याच वेळा येतात, आणि भलत्या वेळेचं विमान भरत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय. पुढच्या दोन वर्षांत त्यातल्या किती वेळा धाकट्या शहरांना मिळतात, हे मी डोळ्यांत तेल घालून बघणार आहे. तुमच्या खासदारांना प्रश्न विचारायचाच असेल तर 'विमान कधी' हा विचारू नका. 'मुंबईत किती वाजताची वेळ मिळाली' हा विचारा.

आता थोडं व्यवहाराचं. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघत जा. एटीआर असेल तर मधली सीट नसते, दोन-दोनची रांग. पंख वर असल्यामुळे खालचं सगळं दिसतं, उतरताना चाकं बाहेर येतात तीही दिसतात. मुलांना खिडकी द्या. पंखे पुढच्या भागात असल्याने तिथे घरघर जास्त, मागे कमी. चढायचं दारही मागेच असतं, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी मागची सीट घ्यावी. वरचे कप्पे लहान असतात. चाकांची बॅग तिथे मावत नाही आणि बऱ्याचदा दारात काढून घेतात. जमिनीवर उभं असताना आत उकडतं, कारण मोठ्या विमानात शेपटीत वेगळं छोटं इंजिन असतं तसं यात नसतं. कधी कधी उजवं इंजिन पंख्याला ब्रेक लावून नुसतं चालू ठेवतात, आणि आईला वाटलं तसं ते 'बिघडलेलं' नसतं.

उन्हाळ्यात सकाळचं विमान घ्या. हवा थंड असते, वजन कमी करायची वेळ क्वचित येते. हिवाळ्यात मात्र उलट. ज्या विमानतळांवर धुक्यात उतरवणारी यंत्रणा नाही, तिथे पाच किलोमीटरपर्यंत दिसल्याशिवाय विमान उतरत नाही. तेव्हा पहाटेपेक्षा दुपार बरी. आणि औषधं, रिपोर्ट, दागिने, लग्नपत्रिका, जे काही दुसऱ्या दिवशी लागणार असेल, ते कापडी पिशवीत घालून मांडीवर.

तीन आठवड्यांनी आईला पुन्हा आणलं, तेव्हा सकाळचं विमान होतं, तेच पंख्याचं. फायलींची पिशवी तिने मला हातसुद्धा लावू दिली नाही. मागून तिसऱ्या रांगेत बसली, खिडकीतून खाली बघत. मध्येच माझं मनगट धरून म्हणाली, "ते बघ, भीमा असेल का रे ती?"